पट वाढतो आहे, खोल्या किती मागाव्यात?

प्रश्न : सातारा जिल्ह्यात शिरवळजवळच्या एका गावातील पहिली ते पाचवीच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा मी सदस्य आहे. पट 168 आहे : पहिली 46, दुसरी 38, तिसरी 32, चौथी 28, पाचवी 24. कागदावर सहा खोल्या आहेत. त्यांतील एक धोकादायक म्हणून बंद आहे आणि एकीत पोषण आहाराचे धान्य व जुने सामान आहे. औद्योगिक वसाहतीमुळे भाडेकरू कुटुंबे वाढत आहेत. किती नव्या खोल्या मागाव्यात?

उत्तर : बंद खोलीच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव आधी पाठवा, कारण ती कागदावर उभी आहे तोवर शाळेकडे सहा खोल्या आहेत असेच वरच्या कार्यालयात वाचले जाईल. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार 121 ते 200 मुलांना पाच शिक्षक, पट 150 च्या वर असल्यास शिवाय मुख्याध्यापक, प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली आणि कार्यालय, भांडार व मुख्याध्यापक यांसाठी मिळून एक खोली लागते. धान्याची खोली या शेवटच्या कामाला धरली, तर वर्गांसाठी चारच उरतात. म्हणजे एक खोली आजच कमी आहे.

पुढचा अंदाज मात्र वर्गवारच बांधावा लागतो. पहिलीत दरवर्षी 44 मुले आली आणि मधून कोणी गेले नाही असे धरले, तर 24 मुलांची पाचवी बाहेर पडताच पट 188 होतो आणि त्यापुढच्या वर्षी 204. पट 200 च्या वर गेला की मुख्याध्यापक वगळून एका शिक्षकामागे 40 हून अधिक मुले असू नयेत, म्हणून सहावी वर्गखोली लागते. खरे तर 46 मुलांची पहिली एकाच खोलीत बसवणे मला आजही अयोग्य वाटते. वाचन आणि अंकओळख त्याच वर्षी पक्की व्हायची असते.

44 हा आकडा नमुन्यादाखल आहे. तुम्ही तो अंगणवाडीच्या यादीवरून काढावा. ग्रामपंचायतीची जन्मनोंद तुमच्या गावात अपुरी पडेल, कारण भाडेकरूंच्या अनेक मुलांचा जन्म अन्यत्र नोंदलेला असतो. या मुलांसाठी जनरल रजिस्टरमधून, म्हणजे शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीतून, मागील पाच वर्षांत वर्षाच्या मध्येच किती दाखल झाली आणि किती दाखला घेऊन गेली, हे वर्गवार काढून वेगळ्या रकान्यात मांडावे.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 22 प्रमाणे शाळा विकास आराखडा समितीनेच करायचा असतो आणि त्यात तीन वर्षांचा वर्गवार पट व खोल्यांची गरज येते. त्यात एक खोली तातडीने आणि दुसरी दोन वर्षांत, अशी टप्प्याने मागणी करावी. तिसरी मागायची ती त्या वेगळ्या रकान्यातील आकड्यांनी सिद्ध होत असेल तरच.