गुडघा बदलला, दुखणं थांबलं, तरी लंगडणं का राहतं?

तुम्ही विचारलंय, आईंचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले, दुखत नाही, तरी त्या लंगडतात. चाल सुधारेल का? सुधारेल, पण नुसतं चालत राहून नाही.

सांधा नवा असला तरी ढब जुनीच असते. गुडघा दुखत होता तेव्हा त्या पायावर भार टाकायचा टाळलेला, न वाकवता कमरेतून पाय पुढं फेकलेला. त्यात ऑपरेशननंतर मांडीचा पुढचा स्नायू पार ढिला पडतो.

माझे बेळगावातले फिजिओ कन्नड. मी भिंतीला धरून चालायला लागले की मागून एकच घोष: "मोदल हिम्मडी री, आमेल बेरळ!" आधी टाच, मग बोटं. पाऊल टाकताना गुडघा सरळ, टाच टेकवायची, भार पुढं सरकवायचा. मागचा पाय उचलताना टाच आधी सुटून गुडघा मोकळा वाकला पाहिजे. आईंना घरातच सावकाश चालायला सांगा आणि चपलांचा आवाज ऐका. एक 'टक्' आणि एक 'फरफट' येत असेल, तर ऑपरेशनच्या पायावर त्या अजून पुरत्या उभ्याच राहत नाहीत.

आडवं झाल्यावर गुडघ्याखाली फट राहते का बघा. पाय पूर्ण सरळ होत नसेल तर लंगडणं जाणार नाही. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा. गुडघ्याखाली उशी मात्र नको, घरचे कितीही मायेनं सरकवू देत.

शेजारी सांगतील, व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर रोज चार फेऱ्या मारा. इतक्यात नको. जास्त चालून संध्याकाळी गुडघा सुजला, की मांडीचा स्नायू आणखी सुस्त होतो. थोडं चाला, पण नीट. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची आणि लोक काय म्हणतील म्हणून सोडायची नाही. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. सुधारणा महिनोन्महिने होत राहते, कुणाकुणाला वर्षही लागतं.

दुसरा गुडघा झिजलेला असला तर लंगडण्यात त्याचाही वाटा असतो, पुढच्या तपासणीला तोही दाखवा. पोटरी अचानक सुजून दुखायला लागली, जखम लाल झाली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.