साच्याचं पोलाद कापण्याआधी चाचणीचं बघा

तुम्ही दोघं डिझायनर, टेबलावर मावेल असा लेझर कटर केलाय, नमुना चालतोय, आणि प्रश्न एवढाच की लोकवर्गणीची मोहीम आत्ता काढावी की बाहेरचं रूप आणखी घासूनपुसून घ्यावं. पोस्ट वाचून पोटात गोळा आला, आम्हीही इथेच उभे होतो. किंमत, ग्राहक वगैरे तुम्ही बघितलंच असणार, ते सोडतो.

आमचा जीव काढला तो चाचणी प्रयोगशाळेनं. नाव घेत नाही. आतली सीओटू नळी, म्हणजे लेझर किरण तयार करणारी वायूची नळी, वर्ग ४ मधली; लेझरच्या सुरक्षा-वर्गांतला हा सगळ्यात धोकादायक. अख्खं यंत्र सगळ्यात सुरक्षित वर्ग १ मध्ये बसवायचं तर वापरताना घातक पातळीचा किरण बाहेर येताच कामा नये. झाकणाला इंटरलॉक, म्हणजे उघडताच लेझर बंद करणारी कळ, होताच. तरी अहवालात शेरा, 'संरक्षण अपुरे'. कुठलं कलम, कुठली फट, काही नाही! फोन केला की 'लेखी विचारा'. लेखी विचारलं की 'फाइल दुसऱ्या इंजिनिअरकडे गेली'. तो आधीच्यानं मान्य केलेलं पुन्हा उकरणार, आणि फी नव्यानं. शेवटी कळलं, आक्षेप झाकणावर नव्हताच. धुराच्या नळीमागचं पॅनेल नुसत्या हातानं निघत होतं. असं पॅनेल काढल्यावर किरणापर्यंत हात जात असेल तर त्याला इंटरलॉक हवा, नाहीतर ते अवजाराशिवाय निघता कामा नये. एवढी एक ओळ त्यांनी पहिल्याच अहवालात लिहिली असती तर! तोवर बाहेरच्या आवरणाचा पोलादी साचा तयार. साच्यातून आणखी पोलाद काढता येतं, पण स्क्रूची जागा हलवायची तर जुना खड्डा वेल्डिंगनं भरावा लागतो. तो खर्च अजून आठवतो.

म्हणून साच्याआधी पत्र्याच्या खोक्यातच अनौपचारिक पूर्वचाचणी करून घ्या. प्रत्येक आक्षेपासोबत आयईसी ६०८२५-१ या लेझर-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकामधलं कलम लिहून मिळेल, हे कोटेशनमध्येच घालून घ्या. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा. (मी वकील नाही, नियम देशागणिक बदलतात.)

मोहिमेबद्दल माझं मत जरा कडू आहे. लेझर कटरच करणाऱ्या ग्लोफोर्ज कंपनीनं २०१५ मध्ये ३० दिवसांत सुमारे २.८ कोटी डॉलर जमवले, तरी यंत्रं पोचवायच्या तारखा पुढे पुढे जात राहिल्या. थ्रीडी प्रिंटर करणाऱ्या फॉर्मलॅब्सची २०१२ ची मोहीम संपते न संपते तोच त्याच धंद्यातल्या थ्रीडी सिस्टिम्सनं पेटंटचा दावा ठोकला, त्यात मोहीम जिथे चालली त्या किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळालाही ओढलं. पैसा आला म्हणजे यंत्र झालं असं नाही.

आणि 'सोपं' म्हणजे गोंडस दिसणं, हा आपल्या डिझायनर मंडळींचा भ्रम. नवख्याला सगळं प्लास्टिक सारखंच. त्यानं पीव्हीसी घातलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, फुप्फुसं आणि यंत्रातला धातू दोन्ही खातो. कापायला सुरुवात होण्याआधी स्क्रीननं 'काय ठेवलंय?' विचारलंच पाहिजे. बटणाचा आकार नंतर.

जाता जाता, सॉफ्टवेअर इंटरनेटशिवायही चालू द्या. उद्या तुमचा सर्व्हर बंद पडला तर विकत घेतलेलं यंत्र लोकांनी काय शोभेला ठेवायचं?