अपडेट चालू असताना लाईट गेली तर?

प्रश्न: नमस्कार सर, आम्ही तिघं मित्र भोसरीत शेतीपंपाच्या स्टार्टरचा कंट्रोलर बनवतो, एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलर चिपवर, ६४ केबी फ्लॅश मेमरीवाला. बूटलोडर (चिप चालू होताच आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) घरचाच आहे, मोडेमवरून नवीन फर्मवेअर (मुख्य प्रोग्रॅम, म्हणजे ॲप) घेतो आणि थेट जुन्यावर लिहितो. मधेच लाईट गेली की बोर्ड मेला, मग प्रोग्रॅमर घेऊन पार जुन्नरपर्यंत जायचं. आता नव्याने लिहून ओपन सोर्स करायचं डोक्यात आहे, लिहू का तयार काही उचलू? आणि अजून एक, बूटलोडरमधून ॲपवर उडी मारली की कधीकधी तिथेच हँग होतं, डिबगर लावला की मात्र मस्त चालतं. (एक वाचक, भोसरी)

उत्तर: शेतीपंपाच्या लाइनवर लाईट जाणारच हो, ते धरूनच चालायचं. तुम्ही राहतं घर पाडून मग विटा आणायला निघताय, घोळ तिथे आहे. मोडेमचा सगळा कोड आधी बूटलोडरमधून काढा, डाउनलोड ॲपला करू दे. बूटलोडरने फक्त तपासायचं, जागा बदलायची आणि उडी मारायची, बास.

६४ केबीत बसतं सगळं. बूटलोडरला ८, मग २७-२७ चे दोन स्लॉट (पहिल्यात चालू ॲप, दुसऱ्यात नवीन उतरवलेलं), उरलेल्या दोन पानांपैकी एक रफ कामाला आणि एक नोंदीसाठी (पान म्हणजे एका वेळी पुसला जाणारा तुकडा, या चिपवर १ केबीचं). ॲप पहिल्या स्लॉटच्या पत्त्यासाठी लिंक केलेलं (त्याच जागेवरून चालेल असं बांधलेलं) असतं, दुसऱ्यातून तसंच चालवता येत नाही, म्हणून अदलाबदल करावी लागते: पहिल्याचं पान रफमध्ये, दुसऱ्याचं पहिल्यात, रफमधलं दुसऱ्यात, आणि प्रत्येक पायरी झाली की नोंदीच्या पानावर एक खूण. २७ पानं गुणिले ३, म्हणजे ८१ खुणा, आणि पानात जागा ५१२ हाफवर्डची (हाफवर्ड म्हणजे दोन बाइट). लाईट आली की खुणा मोजायच्या आणि अर्धी राहिलेली पायरी परत करायची, कारण ज्या पानावरून कॉपी करत होतो ते अजून शाबूत असतं. खूण म्हणून शून्यच लिहा. या चिपमध्ये न पुसलेल्या जागी दुसरं काही लिहायला गेलं की एरर येते, शून्य तेवढं चालतं, त्यामुळे खूण करतानाच लाईट गेली तरी तीच खूण परत करता येते. मला हे कळायला एक अख्खी रात्र गेली होती.

रफ पान एका अदलाबदलीत २७ वेळा पुसलं जातं आणि डेटाशीटची हमी १०,००० वेळांची, म्हणजे साधारण ३७० अपडेट. तुम्हाला भरपूर झाले, फक्त टेस्टिंगचा बोर्ड गिऱ्हाईकाला देऊ नका.

नवीन ॲप चालू झालं, मोडेम जोडला गेला, की ॲपने स्वतः 'मी ठीक आहे' अशी नोंद करायची. ती न होता रिसेट झाला तर बूटलोडरने जुनं परत आणायचं. त्यासाठी इंडिपेंडंट वॉचडॉग (वेळेत हात लावला नाही तर चिप रिसेट करणारा टायमर) बूटलोडरमध्येच चालू करा, एकदा चालू झाला की सॉफ्टवेअरने बंद होत नाही आणि जास्तीत जास्त २६ सेकंदांच्या आसपास वाट बघतो. ॲप लटकलं की तोच रिसेट करेल.

आता लिहू का उचलू. एमसीयूबूट हा तयार ओपन सोर्स बूटलोडर अगदी हेच करतो, अपाचे २.० लायसन्सवर आहे, पण फर्मवेअरवरची डिजिटल सही तपासायच्या क्रिप्टोसकट त्याला ८ केबीत कोंबणं कठीण, त्यामुळे मोठी चिप घेणार असाल तर तोच घ्या. याच चिपवर राहणार असाल तर लिहा, पण त्याचा कोड आधी वाचा. पुन्हा नीट लिहायची खाज मोठ्यांनाही सुटते, यू-बूट या मोठ्या बोर्डांवरच्या बूटलोडरची व्ही२ म्हणून सुरू झालेलं काम २००९ मध्ये बेअरबॉक्स नावाचा वेगळा बूटलोडर झालं आणि यू-बूट आजही जोरात चालू आहे! खुद्द यू-बूटचं आधीचं नाव पीपीसीबूट, पॉवरपीसी प्रोसेसरपुरतं, पुढे एआरएम प्रोसेसर आले आणि २००२ मध्ये नाव बदलावं लागलं. म्हणून चिपचं नाव गाभ्यात येऊच देऊ नका. पुसणं, लिहिणं, वाचणं, वॉचडॉग, उडी, अशी पाच फंक्शनं वेगळ्या फाइलीत ठेवा, मग बाकी कोड पीसीवर चालतो, फ्लॅशऐवजी साधा ॲरे. प्रत्येक राइटनंतर 'लाईट घालवा' आणि सगळ्या जागांहून बूट होतंय का बघा, एमसीयूबूटचा सिम्युलेटर असाच आहे. ते पास झालं की पुण्याच्या तपकीर गल्लीतून एक रिले आणून खऱ्या बोर्डवर रात्रभर तेच. माझ्या एका जुन्या नोकरीत आम्ही हे केलं नाही आणि नंतर ४० बॉक्स उघडत बसलो, वर एपॉक्सी ओतलेलं.

हँगचं म्हणाल तर डिबगर बहुतेक ॲप थेट चालू करतो, बूटलोडरचा उष्टा सिसटिक (ठरावीक वेळाने इंटरप्ट देणारा टायमर) तिथे नसतो. उडीआधी सिसटिक आणि सगळे इंटरप्ट बंद करा, पेंडिंग पुसा, व्हेक्टर टेबलचा (कुठल्या इंटरप्टला कुठलं फंक्शन, त्या यादीचा) पत्ता बदला, ॲपच्या टेबलातला पहिला वर्ड स्टॅक पॉइंटरला, दुसऱ्यावर उडी. ग्लोबल इंटरप्ट बंद करून गेलात आणि ॲपने ते चालू केले नाहीत तर पहिल्याच डिलेत बसून राहील. आणि ॲपच्या सुरुवातीला चालणाऱ्या सिस्टिमइनिट फंक्शनमध्ये व्हेक्टर टेबलचा ऑफसेट शून्य राहिलाय का तेही बघा. मी तर रिसेटनंतरही टिकणाऱ्या बॅकअप रजिस्टरमध्ये खूण ठेवून रिसेटच मारतो आणि कुठल्याही पेरिफेरलला हात लावायच्या आत उडी.

सीआरसीने (फाइलवरून काढलेल्या तपासणीच्या आकड्याने) फक्त खराब फाइल कळते, कुणी मुद्दाम बदललेली नाही, तिथे सहीच लागते. आणि कोड सगळ्यांसाठी खुला करण्याआधी गिटची (कोडमधल्या बदलांची नोंदवही) जुनी हिस्टरी चाळा, सहीची प्रायव्हेट की (गुप्त किल्ली) तिथे कुणीतरी 'टेस्टसाठी' टाकलेली असते.