बोकडाच्या धडकेने मागे फिरणारे फाटक

प्रश्न : उस्मानाबादी शेळ्या वजनानुसार वेगळ्या करणारे आमचे स्वयंचलित फाटक बोकडाने धडक दिली की मागे फिरते. काय बदलावे? (एक वाचक, भूम)

उत्तर : तुमचा गिअरबॉक्स बहुधा सरळ दात्यांचा असावा, तो बाहेरून रेटा आल्यास उलटा फिरतो. त्याऐवजी ६०:१ गुणोत्तराचा (मोटरच्या ६० फेऱ्यांना फाटकाची एक फेरी) वर्म गिअरबॉक्स बसवावा, कारण त्यात वर्म (स्क्रूसारखा आटे असलेला दांडा) दातेरी चाकाला फिरवतो, पण चाक सहसा वर्मला फिरवू शकत नाही. मिनिटाला १४४० फेऱ्यांची मोटर लावल्यास फाटकाचा पाव फेरा सुमारे ०.६ सेकंदात होतो. शेळीच्या पायासाठी हा वेग जास्तच, म्हणून टॉर्क लिमिटर (अडथळा आल्यास जोर तोडणारा भाग) हवाच. वीज गेल्यावर (आणि आपल्याकडे ती जातेच) असे फाटक ढकलून उघडत नाही, त्यामुळे हाताने सोडवता येणारा क्लच घ्यावा. शाफ्टाशी तेलाचा काळपट ओघळ दिसताच ऑइल सील (तेल आत रोखणारी रबरी कडी) बदलावे. नाहीतर तिथून आत शिरलेला मूत्राचा अमोनिया कांस्याचे चाक खातो.