एकच ब्रँड धरायचा तर स्मिथ अँड वेसन

अमेरिकेत रिव्हॉल्वरचा संग्रह सुरू करतोयस, तर माझं ऐक: स्मिथ अँड वेसन धर. भारतात 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर दोनच शस्त्रं ठेवता येतात. अमेरिकेत हात सैल सुटतो आणि दोन वर्षांत कपाटात नुसती खिचडी होते. कोल्टचा इतिहास मोठा, पण त्यांच्या जुन्या पायथन मॉडेलची किंमत नवख्याला झेपत नाही. स्मिथचं मॉडेल 10 हे 1899 च्या रचनेतून आलेलं, लाखोंनी बनलेलं, म्हणून अजून आवाक्यात आहे. तिथून सुरुवात कर, मग मॉडेल 19, पुढे 29.

बघताना आधी गोळ्यांचा फिरता सिलिंडर उघडून रिकामा असल्याची खात्री कर. तिथेच, आतल्या बाजूला फ्रेमवर मॉडेल नंबर ठोकलेला दिसेल. 1957 पासून ही पद्धत आहे. मग भिंगातून बॅरलवरची अक्षरं बघ. कडा गोलावल्या असतील, स्क्रूच्या भोकांभोवती खळगा असेल, तर पॉलिश करून नवं ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा थर, चढवलंय असं समज. माझ्या पहिल्या खरेदीत मी त्या चकाकीलाच भुललो होतो. झिजलेलं का होईना, मूळ ब्लूइंगच घे.

आणि तिजोरी पहिल्या रिव्हॉल्वरच्या आधी आण. घरात मुलं आहेत.