द लाँग ब्लाँड्स या बँडचे एकूण किती अल्बम आहेत आणि सुरुवात कुठून करावी?

स्टुडिओ अल्बम दोनच. इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहराचा हा पाच जणांचा बँड 2003 मध्ये सुरू झाला आणि 2008 मध्ये थांबला.

सुरुवात पहिल्या अल्बमपासूनच करा: 'समवन टू ड्राइव्ह यू होम', 2006, रफ ट्रेड या लेबलवर (रेकॉर्ड कंपनीवर). निर्माता स्टीव्ह मॅकी, म्हणजे शेफिल्डच्याच पल्प बँडचा बेसवादक. त्यातलं 'वन्स अँड नेव्हर अगेन' आधी ऐका. एकोणीस वर्षांच्या मुलीला बँडची गायिका केट जॅक्सन जीव तोडून सांगते, अगं, तुला बॉयफ्रेंडची काहीएक गरज नाही! थोरल्या बहिणीची माया आणि चीड एकाच आवाजात. मी ते शेकडो वेळा ऐकलंय, अजूनही अंगावर काटा येतो. 'गिडी स्ट्रॅटोस्फिअर्स'ही सोडू नका.

दुसरा अल्बम 'कपल्स', एप्रिल 2008. निर्माता एरॉल अल्कान. गिटार थोडी मागे सरली, सिंथेसायझर पुढे आला. बऱ्याच चाहत्यांना तो रुचला नाही. मला मात्र तो धाडसी वाटतो.

त्याच वर्षी 'सिंगल्स' हा संग्रहही आला. रफ ट्रेडकडे जाण्याआधीच्या छोट्या लेबलांवरच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड्‌स त्यात एकत्र मिळतात, त्यामुळे जुन्या सीडी शोधत बसायला नको.

बँड फुटला तो भांडणामुळे नव्हे. बहुतेक गाणी लिहिणारा गिटारवादक डोरियन कॉक्स याला 2008 च्या जूनमध्ये पक्षाघाताचा झटका आला, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी थांबत असल्याचं जाहीर केलं.