‘पुनर्बांधणी’चा रफार आणि धुळ्याचा आग्रा रोड

प्रश्न असा आहे: खान्देशातील एका तालुक्याच्या गावी भर पेठेतील मुख्य रस्ता खोदून नव्याने करण्याचे काम चालू आहे. कामाच्या फलकावर ‘मुख्य रस्त्याचे पुर्ननिर्माण व सुशोभिकरण’ असे लिहिले आहे, बातमीत त्याच कामाला ‘नूतनीकरण’ म्हटले आहे, आणि शाळेत मराठी शिकवणाऱ्या एका बाईंनी ‘पुनर्बांधणी’ हा शब्द सुचवला तेव्हा ‘अर्धा संस्कृत आणि अर्धा मराठी असा शब्द शुद्ध कसा?’ अशी शंका काहींनी घेतली. यांपैकी कोणता शब्द योग्य, आणि रफार नेमका कुठे द्यायचा?

माझे मत बाईंच्या बाजूचे आहे. या कामाला ‘पुनर्बांधणी’ हाच शब्द नेमका बसतो, आणि त्याची कारणे केवळ व्याकरणात नसून रस्ता कसा केला जातो यातही आहेत.

आधी रफाराचे पाहू. मूळ शब्द ‘पुनर्’ असा आहे आणि त्याच्या शेवटी स्वर नसलेला र् आहे. हा र् ‘न’नंतर आणि पुढच्या अक्षराच्या आधी उच्चारला जातो, म्हणून तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो: पुनर्बांधणी, पुनर्वसन, पुनर्विकास, पुनर्मूल्यांकन. ‘पुर्नबांधणी’ असे लिहिले तर वाचणाऱ्याने ‘पुर्-न-बांधणी’ असे म्हणायला हवे, आणि तसे कोणीही म्हणत नाही. चूक होते ती बहुधा ‘पूर्ण’ आणि ‘पूर्व’ हे शब्द डोळ्यांत बसलेले असल्यामुळे. ‘पु’ लिहून झाला की हात आपोआप पुढच्याच अक्षरावर रफार देऊन मोकळा होतो. ज्यांना हे लक्षात ठेवणे जड जाते त्यांना मी एकच शब्द सांगतो, तो म्हणजे ‘पुनर्वसू’. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य ही पावसाची नक्षत्रे आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरात लहान मुलालाही पाठ असतात, आणि ज्याला ‘तरणा पाऊस’ म्हणतात तो पुनर्वसूचा. त्या नावात रफार ‘व’वर येतो, तसाच तो पुनर्बांधणीत ‘बां’वर येतो.

पुढे कठोर व्यंजन आले की मात्र या र् चा विसर्ग होतो, म्हणून पुनःप्रक्रिया, पुनःस्थापना, पुनःपरीक्षा असे लिहावे. पुढे स्वर आला तर र् त्या स्वरात मिसळतो: पुनरुच्चार, पुनरागमन. पुढे र आला तर संस्कृतच्या नियमाप्रमाणे आधीचा र् लोपतो आणि त्याच्या मागचा स्वर दीर्घ होतो, जसे निर् + रस याचे ‘नीरस’ होते. त्या हिशेबाने ‘पुनारचना’ व्हायला हवे होते, परंतु मराठीने ‘पुनर्रचना’ हे रूप पत्करले आहे. १९५६च्या राज्य पुनर्रचनेमुळे ते सर्वांच्या तोंडी इतके रुळले की आता त्याला अशुद्ध ठरवण्यात अर्थ नाही.

आता ‘नूतनीकरण’. हा शब्द चुकीचा नाही, पण तो वेगळ्या कामाचा आहे. आपण परवान्याचे नूतनीकरण करतो, म्हणजे तोच परवाना ठेवून त्याची मुदत वाढवून घेतो. सोसायटीचे कर्ज ‘नवे-जुने’ करतो तेव्हाही खाते तेच राहते आणि तारीख बदलते. रस्त्याच्या कामातही नूतनीकरण म्हणजे खालचा रस्ता तसाच ठेवून वर डांबराचा नवा थर देणे. पुनर्बांधणीत रस्ता पायापर्यंत उकरावा लागतो.

हा फरक मला पुस्तकातून कळला नाही, तो एका पायरीने शिकवला. माझ्या काकांचे कापडाचे दुकान अशाच एका पेठेत, मुख्य रस्त्यावर होते. माझ्या लहानपणी शहाबादी फरशीच्या तीन पायऱ्या चढून दुकानाच्या ओट्यावर जावे लागे, आणि सर्वांत खालच्या पायरीची कड इतकी झिजली होती की मधोमध तिला बशीसारखा खोलगट आकार आला होता. दर काही वर्षांनी रस्त्यावर खडी पडे, डांबराचा थर येई, रोलर फिरे, आणि रस्ता तेवढा वर चढे. आधी ती झिजलेली पायरी गेली, मग दुसरी गेली, आणि शेवटी ओटा रस्त्याच्या बरोबरीला आला तेव्हा पावसाळ्यात पाणी थेट गादीपर्यंत येऊ लागले म्हणून काकांना दारात विटांचा बांध घालावा लागला. इतक्या वर्षांत रस्त्याचे जे काही झाले ते सगळे नूतनीकरण होते. पुढे एका वर्षी गटाराचे आणि रस्त्याचे काम एकदमच निघाले, आणि रस्ता पार खंदला गेला. त्या खड्ड्याच्या कडेला डांबराचे एकावर एक बसलेले थर, त्यांखाली खडी, मग मुरूम आणि सर्वांत खाली मोठ्या दगडांचे सोलिंग, असे सगळे आडवे पट्टे स्पष्ट दिसत होते. ओट्यासमोरची माती काढताना फरशीची ती बशीच्या आकाराची कड उघडी पडली, तेव्हा काका गल्ल्यावरून उठून बाहेर आले आणि ‘आपली पायरी निघाली’ एवढेच म्हणाले. पुढे रस्त्याची पातळी उतरवून तो नव्याने बांधला गेला. त्या कामाला नूतनीकरण म्हणणे मला आजही जड जाते.

शब्दाच्या घडणीतही हाच भेद आहे. नूतनीकरण, रुंदीकरण, काँक्रिटीकरण या शब्दांतील ‘ई’ संस्कृतमधील च्वि प्रत्ययाची आहे आणि तिचा अर्थ ‘जे तसे नव्हते ते तसे करणे’ असा होतो. जे नूतन नव्हते ते नूतन केले. जे रुंद नव्हते ते रुंद केले. (म्हणजे ‘रुंदीकरण’ हा शब्द ‘रुंदी’ आणि ‘करण’ असा नसून ‘रुंद’पासून झाला आहे, ‘खडीकरण’ मात्र सरळ खडीवरून आला.) ‘पुनर्बांधणी’ हा शब्द तसे सांगत नाही. आधी कोणीतरी हे बांधले होते आणि आपण ते पुन्हा बांधत आहोत, ही जाणीव त्या ‘पुनर्’मध्ये आहे, आणि जुन्या पेठेतील रस्त्याबद्दल बोलताना ती असलीच पाहिजे असे मला मनापासून वाटते.

संकराच्या आक्षेपाबद्दल थोडक्यात. ‘बांधणी’ हा शब्द संस्कृतमधील ‘बन्ध्’ धातूपासूनच मराठीत आला आहे, त्यामुळे ‘पुनर्’शी त्याचे नाते काही परके नाही. उलट ‘पुनर्निर्माण’ व्याकरणाने निर्दोष असूनही मराठी कानाला थोडे उसने वाटते. मराठीत प्रश्न निर्माण होतो, शंका निर्माण होते, विश्वास निर्माण होतो. घर, पूल, धरण आणि रस्ता आपण बांधतो. इमारतीला आणि रस्त्याला ‘निर्माण’ लावण्याची रीत हिंदीची आहे. मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून असलेल्या आपल्या भागात ‘निर्माण कार्य’ असे लिहिलेले फलक सतत नजरेस पडतात, त्यामुळे ती रीत इकडे लवकर रुजते.

तुम्ही मुख्य रस्त्याविषयी विचारले आहे, म्हणून क्रियापदांबद्दलही लिहितो, कारण शहराच्या इतिहासाविषयी लिहिताना सगळ्याच गोष्टी ‘बांधल्या’ असे सरसकट लिहिले जाते. धुळ्याचे उदाहरण घेऊ. १८१८ साली खान्देश इंग्रजांच्या ताब्यात आला आणि पुढच्याच वर्षी कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी जिल्ह्याचे ठाणे म्हणून धुळ्याची निवड केली. तेव्हा हे गाव नदी आणि पाटाचे पाणी यांच्यामध्ये, बागायतीने वेढलेले, ४०१ घरांचे आणि २,५०९ वस्तीचे होते. ब्रिग्ज यांनी सरकारी कचेऱ्यांसाठी मंजुरी मिळवली, लांबून कारागीर आणवले, व्यापाऱ्यांना घरांसाठी कायमच्या बिनसाऱ्याच्या जागा दिल्या आणि पक्की घरे उभारता यावीत म्हणून जुन्या रहिवाशांना आणि नव्याने आलेल्यांनाही आगाऊ रकमा दिल्या. हे मराठीत सांगताना ‘कचेऱ्या बांधल्या’ म्हणावे, पण ‘पेठ बांधली’ म्हणू नये, पेठ वसवली. पेठ हा शब्द मराठीला दक्षिणेकडून मिळाला आहे, कन्नडमध्ये तो ‘पेटे’ आणि तमिळमध्ये ‘पेट्टै’ असा आढळतो, आणि व्यापारी येऊन राहिल्याशिवाय पेठ होत नाही. जागा आणि उचल देऊन माणसे आणणे हेच वसवणे होय.

धुळ्याच्या आखणीचे श्रेय सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना देण्याची रीत आहे. ते १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि नोकरीच्या आरंभीच्या काळात खान्देशात होते. पांझरा नदीच्या भागात त्यांनी केलेले पाण्याचे काम मोलाचेच आहे. परंतु त्याच्या साठाहून अधिक वर्षे आधी ब्रिग्ज यांची नवी वस्ती उभी राहू लागली होती, म्हणून ‘वसवले’ हे क्रियापद विश्वेश्वरय्यांना लावता येत नाही. १८७२च्या पुरात धुळ्यातील घरांचे आणि मालमत्तेचे मोठे नुकसान झाले. त्यानंतर लोकांनी घरे पुन्हा उभी केली, त्याला ‘पुनरुभारणी’ म्हणावे. पडलेले पुन्हा उभे करण्याला तो शब्द फार चांगला आहे आणि तो आपण विसरत चाललो आहोत.

राहिला खुद्द ‘रस्ता’. हा फारसीतून आला. फारसीत ‘रास्ते’ म्हणजे ओळ, आणि विशेषतः बाजारातील एकाच धंद्याच्या दुकानांची ओळ. पुण्याकडे ज्याला ‘आळी’ म्हणतात तो शब्दही संस्कृतमधील ‘आलि’ म्हणजे ओळ यावरूनच आला आहे. ‘मार्ग’ आणि ‘वाट’ हे शब्द चालणाऱ्याच्या पायाखालच्या जमिनीबद्दल बोलतात, तर ‘रस्ता’ आणि ‘आळी’ दोन्ही बाजूंना ओळीने उभ्या असलेल्या दुकानांबद्दल आणि घरांबद्दल बोलतात. धुळ्याच्या आग्रा रोडला हे फार चांगले लागू पडते. त्याला मुंबई–आग्रा रस्त्याचे नाव मिळाले आणि आता लांबची वाहने शहराच्या मध्यातून न जाता बाहेरून जातात, तरी त्याचे नाव आणि महत्त्व कमी झाले नाही, कारण तिथे दुकानांची ओळ टिकून आहे. देवपुरातून पांझरेचा पूल ओलांडून तिकडे निघालेला माणूस ‘गावात जाऊन येतो’ म्हणतो. ‘रोड’ या शब्दाबद्दल तक्रार करण्याचे मला कारण दिसत नाही. लोकांनी तो आग्र्याला जोडून घेतला आहे आणि ‘आग्रा मार्ग’ म्हटले तर धुळ्यातला रिक्षावालाही क्षणभर थांबेल.

म्हणून तुमच्या गावच्या कामात रस्त्याचा पाया उकरला जात असेल तर ‘पुनर्बांधणी’ लिहावे. केवळ वरचा थर बदलला जात असेल तर बातमीतला ‘नूतनीकरण’ बरोबर आहे, आणि दुकानांचे ओटे मागे घेऊन जागा वाढवली जात असेल तर ‘रुंदीकरण’. दोन्ही बाजूंच्या इमारती पाडून नव्या होत असतील तर तो ‘पुनर्विकास’, त्याचा रफार ‘वि’वर. सुशोभीकरणातील ‘भी’ दीर्घ आहे, कारण तीही वर सांगितलेली च्विची ‘ई’ आहे. पुनर्बांधणी स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘रस्त्याचे’ हेही बदलेल आणि फलकावर ‘मुख्य रस्त्याची पुनर्बांधणी व सुशोभीकरण’ असे येईल. रंगाऱ्याला हा मजकूर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहूनच द्यावा आणि रफार ‘बा’च्या कान्यावर, अनुस्वाराला लागून काढायचा आहे हे बोटाने दाखवावे, कारण तोंडी सांगितले की तो पुन्हा ‘न’वर जातो.